उजवा हात, डावा कान

शालनबाईंनी नागोजीरावांच्या पोराचा कान उपटला, तो तुटून हातात आला आणि बाईंनी तो खडूच्या डबीत टाकून पुढचा पाढा घेतला, ही बातमी १९५७च्या जूनमधल्या एका सोमवारी सकाळी अकराला मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला निघाली. बारा वाजता ती खालच्या टोकाला पोचली तेव्हा कानाला पाच टाके पडले होते आणि नागोजीराव पोलीस आणायला गेले होते.

खरं सांगायचं तर कान जागच्या जागी होता. दोन्ही होते. संध्याकाळी मी स्वतः जाऊन बघून आलो. एकामागं साबणाचा फेस वाळला होता, दुसऱ्यात कापसाचा बोळा होता, बाकी तक्रार काही नव्हती. टाके कुणी घातले ते मला ठाऊक नाही, पण खडूची डबी माझी. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान गल्लीच्या अगदी तोंडाशी. येणारा-जाणारा थांबतो, घड्याळ देतो, बातमी देतो. घड्याळ पुष्कळदा जसंच्या तसं परत जातं. बातमी मात्र मी दुरुस्त केल्याशिवाय सोडत नाही.

झालं होतं ते वेगळंच. बाईंनी त्या कानाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. बोट लावायचं होतं ते पोरानं, स्वतःच्या कानाला, आणि ते काही लागलं नव्हतं.

त्याचं असं. जून उजाडला की आमच्या मराठी मंडळाच्या शाळेत पहिलीची भरती व्हायची. पाच वर्षं पुरी झालेलं पोर घ्यायचं असा नियम. पण जन्माचा दाखला दहांत एकाकडं. बाकीचे सगळे ‘मोठी चोरी झाली त्या साली’ असं सांगणारे. म्हणून परीक्षा एकच. पोरानं ताठ उभं राहायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. हात पोचला तर पोर शाळेचं, नाही पोचला तर आणखी एक वर्ष आईचं.

नागोजीरावांचं चिकपेटेत लष्करी गणवेश शिवायचं दुकान. स्वतः उंच, हातपाय लांबलचक, आणि मंडळाच्या कमिटीवर. सोमवारी सकाळी ते गुरुराजला घेऊन रांगेत पुढं घुसले.

“घ्या बाई. पाच कधीच पुरी झाली.”

“दाखला?”

“पत्रिका होती. उंदरांनी खाल्ली.”

“सगळी?”

“जन्मतारखेची बाजू तेवढी.”

बाईंनी पोराला उभं केलं. हात वर गेला, माथ्यावर चढला आणि थकलेल्या हमालासारखा तिथंच टेकला.

“मान स्वल्प वाकव रे, राजा,” नागोजीराव म्हणाले.

“मान सरळ,” बाई म्हणाल्या.

“इंचभर कमी पडतोय, एवढं काय! बाई, मी कमिटीत आहे.”

“असाल की. पण कानाला हात गुरुराजचा लागायला पाहिजे, कमिटीचा नव्हे.”

रांगेत पंधरा आईबाप उभे होते. सगळे हसले. ते हसणं नागोजीरावांना लागलं, आणि का लागलं तेही सांगतो. चामराजपेटेत त्यांचे साडू राहतात. त्यांचा मुलगा यंदा पहिलीत गेला. मागच्याच महिन्यात एका बारशाच्या पंगतीत, चाळीस पानांसमोर, नागोजीरावांनी सांगून टाकलं होतं की आमचाही जातोय. बोलून झालं होतं. आता पोराचा हात तेवढा लांब व्हायचा राहिला होता.

आता शालनबाईंविषयी. त्या मूळच्या निपाणीच्या. तिथं भावाचं घर तंबाखूच्या वखारीला लागून. ट्रेनिंग करून १९५४ साली त्या इथं आल्या, पस्तिशीच्या आसपास, लग्न न केलेल्या. आमच्या घराला भिंत लागून एक खोली घेतली. आमच्याकडच्या बायका आधी तीन दिवस कुजबुजल्या, चौथ्या दिवशी लोणचं घेऊन गेल्या. बाई बोलायला शुद्ध पुस्तकी. पण चिडल्या की निपाणी वर यायची, मग “काय लावलंय वो ह्ये?” अशी आरोळी भिंतीपलीकडून माझ्या घरात यायची आणि मी उगीचच हातातलं काम खाली ठेवायचो.

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि मागं संपिगेचं, म्हणजे सोनचाफ्याचं झाड. पोरं सगळी आमच्यासारख्या तीनशे वर्षांपूर्वी इकडं कन्नड मुलखात आलेल्या घरांतली. घरात मराठी, दारात कन्नड. पाढ्याच्या मध्येच एखादं उठायचं, “बाई, मला साकु” म्हणजे पुरे झालं म्हणायचं आणि चपला घालून घरी चालू लागायचं. पहिल्या आठवड्यात तर वर्ग नव्हेच तो, नुसता आक्रोश. बाईंनी त्यावर उपाय काढला. प्रत्येकाच्या ओंजळीत चिंचोके द्यायचे आणि सांगायचं, किती जण रडतायत ते मोजून तेवढे चिंचोके पुढं मांडा. मोजायचं म्हणजे इकडंतिकडं बघावं लागतं, बघायचं म्हणजे डोळे पुसावे लागतात. दहा मिनिटांत सगळ्यांच्या पुढं शून्य चिंचोके. मी हे खिडकीतून पाहिलंय. दुकान उघडं टाकून पाहिलंय.

पोरं सोपी हो. आईबापांचं काय करायचं? अकरा वाजले की तीन आया दहीभाताचे डबे घेऊन खिडकीशी यायच्या. “बाई, तुमचं चालू द्या, आम्ही इथूनच भरवतो.” बाईंनी एके दिवशी तिघींना आत बोलावलं, बाकावर बसवलं, हातात पाट्या दिल्या आणि म्हणाल्या, “आलाच आहात तर ‘घर’ लिहा.” दोघी पळाल्या. तिसरी बसली, आणि दिवाळीपर्यंत वाचायला शिकली. एक बाप दर सोमवारी भांडायला यायचा, की पाटी घरी येते ती कोरी, मग दिवसभर शिकवता काय? बाईंनी पोराला सांगितलं, आजची पाटी न पुसता आडवी धरून घरी ने. पोर खिरीचं ताट धरल्यासारखं चालत निघालं. वाटेत गाईनं पाटी चाटली. बाप मंगळवारीही आला.

एवढं करून बाई तीन वर्षं हंगामीच. दर जूनला कमिटीचं पत्र यायचं, ‘आणखी एक वर्ष’. यंदा मात्र ठरलं होतं की महिनाअखेरीच्या सभेत एकतर बाईंना कायम करायचं, नाहीतर मोकळं करायचं. मोकळं म्हणजे निपाणी. भावानं पत्रात लिहिलं होतं की नोकरीचं जमत नसेल तर ये, वखारीत तंबाखूच्या पानांच्या जुड्या बांधायला माणूस हवंच आहे. ते पत्र बाईंनी माझ्या बायकोला, कावेरीला वाचून दाखवलं होतं. वाचताना हसल्या, पण मग घडीवर घडी घालत पत्र सुपारीएवढं केलं असं कावेरी म्हणाली, आणि कावेरी माझ्यासारखी बातमीत भर घालत नाही.

आता बघा कसं जुळून आलं. कायम करणाऱ्या पाच जणांत एक नागोजीराव. त्यांनी सोमवारी दुपारीच कमिटीला पत्र लिहिलं. बाई उर्मट आहेत, बाईंनी पोराचं डोकं दाबून धरलं, आणि शेवटी एक ओळ: ‘कानास इजा केल्याचीही गल्लीत चर्चा आहे.’

बुधवारी कमिटीचे अध्यक्ष नरसिंहराव, निवृत्त अमलदार, माझ्या दुकानात आले. खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बारीक आवाजात विचारलं, “काय रे रत्नाकर, बाईंनी कान डबीत ठेवला म्हणे?”

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. गल्लीत सोडलेली माझी गंमत कमिटीच्या कागदावर जाऊन बसली होती. “नाही हो अण्णा, कान आहे. मी बघितलाय,” एवढंच कसंबसं बोललो. डबी कुठून आली ते काही सांगितलं नाही. हे मी अभिमानानं लिहीत नाही.

नरसिंहरावांनी निकाल दिला तो अमलदारी थाटाचा. पुढच्या शनिवारी, बावीस तारखेला, शाळेच्या ओसरीवर, कमिटीसमोर परीक्षा पुन्हा होईल. हात लागला तर पोर आत, आणि बाईंनी मुद्दाम अडवलं असं धरलं जाईल. नाही लागला तर नागोजीरावांनी पत्र परत घ्यायचं. लगेच सभा तिथंच, बाईंचा काय तो निर्णय त्याच वेळी.

मग जी तयारी सुरू झाली म्हणता! कुस्तीच्या फडाला अशी नसते. नागोजीराव शिंपी माणूस, त्यांनी टेप काढली. गुरुराजच्या उजव्या खांद्यापासून माथ्यावरून डाव्या कानापर्यंत रस्ता किती, हात किती, सगळं मापाच्या वहीत मांडलं. इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, कमी. मग रोज सकाळी पोराला पेरूच्या फांदीला लटकवायचं. रोज संध्याकाळी खांद्याला एरंडेल चोळायचं. पोराची आई चंपाक्का तेल चोळताना म्हणायची, “अहो, हात आहे की रबर? राहू दे ना पुढच्या वर्षी.” नागोजीराव म्हणायचे, “तू चोळ.” गल्ली दोन तट पाडून बसली होती. भाजीवालीसुद्धा टोपली उतरवण्याआधी विचारायची, “किती राहिलं?”

गुरुवारी नागोजीराव माझ्या दुकानात आले. चेहरा उतरलेला. “रत्नाकर, सहा सूत राहिलंय. हात आता वाढत नाही.”

मी भिंगातून त्यांच्याकडं बघितलं. गुरुराजच्या डोक्यावर जावळ होतं, जन्मल्यापासून कात्री न लागलेलं, आणि चंपाक्का त्याचा टाळूवर हा एवढा बुचडा बांधायची. देवाला बोललेलं असणार. जावळ कुठल्या वर्षी काढायचं हे ज्या त्या घराचं असतं, त्यांच्या घराचं मला माहीत नव्हतं. मी आपली जीभ सैल सोडली. “हात वाढत नसेल तर रस्ता कमी करा की. वर टेकडी बांधून ठेवलीय, ती सपाट केली तर इंच नक्की सुटेल.”

मी हसलो. नागोजीराव हसले नाहीत. ते उठले आणि तडक देवाप्पा न्हाव्याकडं गेले.

शुक्रवारी सकाळी गुरुराज गल्लीतून चालला तेव्हा डोकं वाटीसारखं लखलखत होतं. चंपाक्का दाराआड रडत होती, “अत्तेंना काय सांगायचं?” कारण तिच्या अत्ते, म्हणजे नागोजीरावांच्या आई जमनाबाई, तुमकूरला लेकीकडं गेल्या होत्या. नागोजीराव छाती काढून म्हणाले, “सांगू, उवा झाल्या होत्या. आई नागपंचमीशिवाय येत नाही.”

शनिवार! माझं दुकान बंद, देवाप्पाचं बंद, समोरची पिठाची गिरणी बंद. ओसरीवर कमिटीचे पाच जण बाकावर, आम्ही सगळे अंगणात, पोरं संपिगेच्या झाडावर. शालनबाई बाहेर आल्या, इस्त्रीचं पांढरं पातळ, काखेत हजेरीचं बुक, हातात दौत. सगळ्यांना ठाऊक होतं आज काय आहे ते.

“ये गुरुराज,” बाई म्हणाल्या. “मान सरळ. घाबरायचं नाही.”

पोर ताठ उभं राहिलं. हात वर निघाला. गुळगुळीत माथ्यावरून सरकला, पलीकडं उतरला. बोटं हवेत चाचपडली. चंपाक्कानं डोळे मिटले. नागोजीराव स्वतःचाच खांदा ताणत होते. आणखी थोडं, आणखी, आणि मधल्या बोटाचं टोक डाव्या कानाच्या वरच्या कडेला टेकलं!

अंगणात जो काय कल्ला झाला! झाडावरून एक पोर खाली पडलं, त्याला कुणी उचललंही नाही. नागोजीरावांनी गुरुराजला खांद्यावर घेतलं आणि एक फेरी मारली. नरसिंहरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि बाईंकडं बघितलं.

निपाणीची गाडी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, आणि तिचं तिकीट मीच काढलेलं.

बाई म्हणाल्या, “लागला. मान सरळ होती. माझं म्हणणं काही नाही.” आणि त्यांनी हजेरीबुक उघडून, दौतीत टाक बुडवून, नाव लिहायला घेतलं.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला. “एवढं काय चाललंय इथं? घराला कुलूप, गल्लीत माणूस नाही!”

जमनाबाई! काखेत गाठोडं, तुमकूरच्या गाडीतून उतरून थेट. नातू लेकाच्या खांद्यावर होता, पण त्यांनी ओळखला नाही. “कुणाचं पोर रे हे, नागोजी? मुंज झाली का याची?”

“आज्जी, मीच!” गुरुराज ओरडला. “माझा हात लागला!”

गाठोडं खाली पडलं. “जावळ कुणी काढलं?”

“आई, उवा...”

“उवा तुझ्या डोक्यात झाल्या! पाच पुरी झाली की देवीपुढं काढीन असं बोलले होते मी. कार्तिकात पाच पुरी होणार पोराला, आणि तू ज्येष्ठातच भादरलास? पाच महिने थांबवलं नाही तुला?”

नरसिंहराव बोटांवर महिने मोजत होते, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. नागोजीरावांनी पोराला हळूच खांद्यावरून उतरवलं. पंगतीतल्या चाळीस पानांची उष्टी आता स्वतःच काढायची वेळ आली होती.

नरसिंहराव खाकरले. त्यांना सगळ्यांचं सांभाळायचं असतं. “हे बघा बाई, हात लागला ही गोष्ट खरी. ठरलं होतं ते झालं. घेऊन टाका पोराला. नागोजीरावांचं समाधान, आणि मग पुढचं तुमचं कामही सुरळीत होईल. सरी, ठीक आहे ना?”

म्हणजे काय ते झाडावरच्या पोरांनाही कळलं. बाईंनी एवढंच करायचं होतं, अर्धं लिहिलेलं नाव पुरं करायचं आणि जन्मतारखेच्या रकान्यात काहीतरी घालायचं. कायम.

बाईंनी टाक हातात धरला तसाच धरला. मग म्हणाल्या, “अण्णा, वय ठाऊक नव्हतं तोवर हात मोजत होते. आता वय ठाऊक झालं. ठाऊक असून खोटी तारीख घालायला माझा हात उठायचा नाही. कायम करायचं नसंल तर नका करू, पण ह्ये मला सांगू नका.”

निपाणी वर आली होती. बाईंनी ‘गुरुराज नागो’ एवढ्या ओल्या अक्षरांवर रेघ मारली.

गुरुराजनं भोकाड पसरलं. त्याला सगळं एवढंच कळलं की हात लागूनही शाळा गेली. बाई खाली बसल्या, त्याच्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला. “बुकात नाव नसलं तरी ओसरीवर बसायला कोण अडवतंय? सोमवारपास्नं ये. अक्षरं गिरवायचं वाळूचं ताट तुझं. नाव पुढच्या वर्षी लिहू, पक्क्या शाईनं.” पोराचा आवाज थांबला. बाई उठल्या आणि कमिटीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

आता सभा. मी उठलो. “अण्णा, कान उपटल्याची बातमी गल्लीत मोठी झाली ती माझ्या दुकानात. खडूची डबी मी घातली. बाईंचा त्यात काही दोष नाही.”

“ते ठाऊक आहे,” नरसिंहराव म्हणाले. “तुझ्याशिवाय डबी सुचणार कुणाला? बस खाली.”

मग जमनाबाई पुढं आल्या. “मी काय कमिटीत नाही. पण माझ्या लेकाला तोंडावर नाही म्हणणारी बाई मी आज पहिल्यांदा बघितली. माझ्याच्यानं कधी जमलं नाही, म्हणून तर हा असा झाला. हिला घालवाल तर बघा!”

“कायम करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा,” नरसिंहराव म्हणाले, आणि आधी स्वतःचाच केला. आणखी तीन वर गेले. चार झाले, काम झालं होतं, पण सगळं अंगण पाचव्याकडं बघत होतं. नागोजीरावांचा हात गुडघ्यावरून उठला, छातीपर्यंत आला, अडला. आईनं नुसतं बघितलं. हात वर गेला, चांगला सरळ, लांबलचक.

मी टाळ्या वाजवल्या त्या अजून तळहातांना आठवतात. बायका बाईंभोवती जमल्या, कावेरी रडायलाच लागली, देवाप्पा उगीचच सगळ्यांचे हात हातात घेत होता. बाईंनी पदरानं एकदाच तोंड पुसलं आणि हजेरीबुक मिटलं.

गर्दी जरा पांगल्यावर नागोजीराव जवळ आले. राग गेला होता, पण पंगत डोक्यातून गेली नव्हती. “सरी बाई, झालात कायम. आता तरी आमचं स्वल्प ऐकत जा. आणि मला एवढं सांगा, साडूला मी काय सांगू?”

शालनबाई म्हणाल्या, “सांगा, मुलगा पास झाला, बाप नापास. पुढच्या जूनला पुन्हा बसा.”